भिडू हवेत

पट नसला तरी हा खेळ होतो. सोंगट्या नसल्या तरी होतो. नकाशा वहीच्या पानावर खरडता येतो आणि फासे मोबाइलवर टाकता येतात. अडतं ते माणसांवाचून. बुद्धिबळाला समोर एक जण पुरतो, आणि तो मिळाला नाही तर संगणक आहेच. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' किंवा त्याच्या घराण्यातल्या कुठल्याही खेळाला मात्र खेळ चालवणारा एक आणि खेळणारे तीन ते पाच अशी माणसं लागतात. ती सलग तीन-चार तास मोकळी असावी लागतात, आणि पुढच्या आठवड्यात त्याच वेळी त्यांना पुन्हा यावं लागतं. नाटकाच्या तालमीसारखंच हे: एक जण आला नाही की सगळ्यांचं काम खोळंबतं.

हा खेळ कधी न पाहिलेल्या वाचकासाठी आधी त्याची रीत सांगतो. एक जण गेम मास्टर होतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये त्याला डन्जन मास्टर म्हणतात, आणि बोलताना सगळे नुसतं 'डीएम' म्हणतात. समोरचं जग, त्यातला पाऊस, सरायवाला, राक्षस, राजा हे सगळं त्याच्याकडे. बाकी प्रत्येकाकडे एकेक पात्र: कुणी चोर, कुणी योद्धा, कुणी मंत्रविद्या शिकलेली मुलगी. डीएम प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतो. यश मिळेल की नाही याची शंका असेल तेव्हा वीस बाजूंचा फासा पडतो, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवतात आणि ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहतात. इथे कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढे सरकत राहते, कधी काही महिने, कधी काही वर्षं. अशा लांब चालणाऱ्या डावाला कॅम्पेन म्हणतात.

भिडू शोधण्याचं काम अवघड होतं ते या शेवटच्या गोष्टीमुळे. क्रिकेटच्या सामन्यात एक खेळाडू चुकीचा निघाला तर एक संध्याकाळ वाया जाते. इथे चुकीचा भिडू आला तर चार जणांनी महिनोन्‌महिने मिळून रचलेली गोष्ट विस्कटते. म्हणून नवे खेळाडू शोधणाऱ्याने गर्दी जमवण्याचा विचार सोडून द्यावा. आपला खेळ ज्यांना खरोखर आवडेल त्यांना तो ओळखू यावा आणि ज्यांना आवडणार नाही त्यांनी पहिल्या दोन ओळी वाचूनच पुढे जावं, इतपत स्पष्ट बोलणं हेच त्याचं काम आहे. या प्रकरणात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

हा खेळ जन्मला तोच माणसं शोधणाऱ्या माणसांच्या जगात. १९६०च्या दशकात अमेरिकेत युद्धखेळांचे शौकीन विखुरलेले होते. नकाशावर सैन्यं हलवून जुन्या लढाया पुन्हा लढणारे हे लोक होते, आणि एखाद्या गावात असा माणूस एकटाच असे. बॉल्टिमोरच्या अ‍ॅव्हलॉन हिल या कंपनीने १९६४मध्ये 'द जनरल' हे द्वैमासिक सुरू केलं. त्यात प्रतिस्पर्धी हवेत अशा छोट्या जाहिरातींचं एक सदर असे. लोक आपलं नाव, पत्ता आणि आवडता खेळ कळवत. मग कुणी टपालाने डाव खेळे, कुणी शेजारच्या शहरातून गाडीने येई. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या तळ्याकाठच्या गावात राहणारा गॅरी गायगॅक्स या सदरातून माणसं जोडणाऱ्यांपैकीच होता. १९६८मध्ये त्याने गावातल्या हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये अशा शौकिनांचं संमेलन भरवलं. तेच पुढे 'जेन कॉन' म्हणून जगप्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षीच्या संमेलनात त्याला मिनेसोटाहून आलेला डेव्ह आर्नेसन भेटला.

आर्नेसनने आपल्या मित्रमंडळीत 'ब्लॅकमूर' नावाचा एक वेगळाच डाव मांडला होता. त्यात खेळाडूकडे सैन्य नव्हतं, एकच पात्र होतं, आणि ते किल्ल्याखालच्या भुयारांत शिरत होतं. १९७२च्या अखेरीस त्याने लेक जिनिव्हाला येऊन गायगॅक्सला हा खेळ प्रत्यक्ष खेळून दाखवला. गायगॅक्सने मग आपलं भुयार रचलं, आणि त्यात उतरणारे पहिले भिडू होते त्याची स्वतःची मुलं, अर्नी आणि एलिस. नंतर गावातले मित्र आले. जगभर पसरलेल्या या छंदाची पहिली भरती जेवणाच्या टेबलाभोवती झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांच्याशी आपण रोज बोलतो त्यांना विचारावं, ही वाट आजही सगळ्यात खात्रीची आहे, आणि ऑनलाइन खेळणारे लोक नेमकी तीच विसरतात.

१९७४मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' छापून आला: एका पेटीत तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. त्या पुस्तिका वाचून खेळ समजणं जवळजवळ अशक्य होतं. युद्धखेळ माहीत असलेल्यांसाठी त्या लिहिल्या होत्या, आणि बरंच काही गृहीत धरलं होतं. तरीही खेळ पसरला, कारण तो माणसाकडून माणसाकडे गेला. कुणी संमेलनात खेळून आला, त्याने वसतिगृहात चार जणांना बसवलं, त्यातला एक सुट्टीत आपल्या गावी गेला. लॉस एंजेलिसमध्ये ली गोल्ड या बाईंनी १९७५मध्ये 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' हे नियतकालिक सुरू केलं. वाचक आपापली पानं लिहून पाठवत, ली गोल्ड ती एकत्र बांधून सगळ्यांना पाठवत. कुणाच्या टेबलावर काय घडतंय, कोणता नियम कसा बदलला, नवखा आला तर त्याला कसं सांभाळलं, याची चर्चा तिथे होई.

पुस्तकातून नवा खेळाडू घडवण्याचा खटाटोप नंतर सुरू झाला. जॉन एरिक होम्स हे पेशाने मेंदूविज्ञानाचे डॉक्टर आणि प्राध्यापक. नवख्यांना समजेल अशी आवृत्ती लिहून देतो, असं त्यांनी हा खेळ छापणाऱ्या कंपनीला आपण होऊन सांगितलं, आणि १९७७चा 'बेसिक सेट' त्यातून आला. १९८३मध्ये फ्रँक मेंट्झर यांनी लाल पेटीतला संच केला आणि त्यात एक सुंदर युक्ती योजली. पेटी उघडणारा मुलगा एकटा आहे, त्याला शिकवणारं कुणी नाही, हे मेंट्झर यांनी धरून चाललं. पुस्तिकेच्या पहिल्या पानांत नियम नाहीतच. वाचक एक योद्धा आहे आणि गुहेत शिरतो आहे. तिथे त्याला अलीना नावाची धर्मसेविका भेटते, त्याच्याशी प्रेमाने बोलते, त्याची जखम बरी करते, आणि थोड्याच वेळात बार्गल नावाच्या दुष्ट जादूगाराच्या हातून मरते. मुलाला वाईट वाटतं, राग येतो, आणि तोवर फासा कसा टाकायचा हेही कळलेलं असतं. आज इतक्या वर्षांनीही त्या वयाची माणसं अलीनाची आठवण काढतात. नवख्याला नियमांच्या आधी कुणाची तरी काळजी वाटायला लावावी, हे मेंट्झर यांनी जितकं नेमकं ओळखलं तितकं फार थोड्यांनी ओळखलं आहे.

इंटरनेट आल्यावर भूगोलाचा अडसर हळूहळू गेला. आधी ई-मेलवर आणि चर्चागटांत लिहून डाव चालत. २००४मध्ये 'फँटसी ग्राउंड्स' हे सॉफ्टवेअर आलं: पडद्यावर नकाशा, त्यावर सरकणाऱ्या सोंगट्या, फासे, सगळ्यांना एकाच वेळी दिसणारे. अशा सोयीला व्हर्च्युअल टेबलटॉप म्हणतात. २०१२मध्ये 'रोल-ट्वेंटी' आलं. कॉलेजात एकत्र राहणारे तीन मित्र वेगवेगळ्या शहरांत गेले आणि आपला जुना डाव चालू राहावा म्हणून त्यांनी ते बनवलं. ते ब्राउझरमध्येच चालतं, आणि नव्या लोकांना भिडू शोधण्याची जागाही तिथेच आहे. २०१५मध्ये 'डिस्कॉर्ड' या गटाने बोलायच्या अ‍ॅपने आवाजाचा प्रश्न सोडवला. त्याच वर्षी मार्चमध्ये मॅट मर्सर आणि त्यांच्या व्हॉइस-आर्टिस्ट मित्रांनी आपला घरगुती डाव 'क्रिटिकल रोल' या नावाने थेट दाखवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेतली मुलं तळघरात बसून हाच खेळ खेळताना दिसली. मग २०२०ची साथ आली, लोक घरात अडकले, आणि जे टेबलावर खेळत तेही पडद्यावर आले.

यामुळे भरतीचं रूपच पालटलं. १९६४च्या माणसाला पंचक्रोशीत एक भिडू मिळत नव्हता. आजच्या डीएमने जागा रिकाम्या आहेत असं कळवलं की एका दिवसात गरजेच्या कितीतरी पट अर्ज येतात, कारण खेळायची हौस असलेले पुष्कळ आणि चालवायला तयार असलेले थोडे. त्यामुळे पूर्वी माणूस मिळणं अवघड होतं, आता माणूस निवडणं अवघड आहे. अनोळखी आवाज, चेहरा दिसत नाही, आणि माया जडायच्या आत सोडून जाणं एका क्लिकवर. ऑनलाइन टेबलं मोडतात त्यातली बरीचशी तिसऱ्या-चौथ्या बैठकीच्या आसपास मोडतात: कुणी न सांगता यायचं थांबतो, मग दुसऱ्याचाही उत्साह जातो.

आता प्रत्यक्ष आवाहनाकडे येऊ, कारण निम्मं यश किंवा अपयश तिथेच ठरतं.

डीएमचा जीव त्याच्या जगात गुंतलेला असतो. त्याने राजघराणी रचली आहेत, देवतांची भांडणं लिहिली आहेत, नद्यांना नावं दिली आहेत. मग त्याचं आवाहन असं सुरू होतं: तीन हजार वर्षांपूर्वी सात साम्राज्यांचं पतन झालं, अंधाराच्या राजाने उत्तरेकडचा दरवाजा उघडला... असे सहा परिच्छेद, आणि शेवटी 'इच्छुकांनी कळवावं'. वाचणाऱ्याला कळत नाही की हा खेळ केव्हा आहे, बोलून आहे की लिहून, काही विकत घ्यायचं आहे का, नवख्याला चालेल का, लढाया जास्त की संवाद जास्त. सात साम्राज्यांचं प्रेम खेळता खेळता बसतं. आवाहनात हवी ती खेळण्याच्या संध्याकाळची माहिती: त्या तीन तासांत नेमकं काय होणार.

माझ्या मते चांगलं आवाहन साधारण असं असावं:

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती. दर रविवारी सकाळी ७ ते १०, भारतीय वेळ. डिस्कॉर्डवर आवाजाने खेळ, कॅमेरा ऐच्छिक. नकाशा रोल-ट्वेंटीवर, खेळाडूंना काहीही खर्च नाही. चार जागा, त्यातल्या दोन कधीच न खेळलेल्यांसाठी राखीव. बोलणं मराठीत, नियमांतले शब्द इंग्रजीत. डोंगरातला एक पडका किल्ला आणि खालची भुयारं; शोध जास्त, लढाई कमी, थोडी भीती. आधी एकच बैठक, सगळ्यांना आवडलं तर पुढे आठ. वय १८ पूर्ण. पाच-सहा ओळींत कळवा: रविवारी सकाळी नियमित जमेल का, आणि पुस्तकातला, सिनेमातला किंवा खेळातला तुमच्या मनात राहिलेला एक प्रसंग.'

यात खेळाच्या नावानंतरची पहिली जागा वेळेला दिली आहे, आणि ते मुद्दाम आहे. कथा कितीही आवडली तरी रविवारी सकाळी ज्याला क्लास घ्यायचा आहे तो येऊ शकणार नाही; त्याने पहिल्या ओळीतच थांबावं. ऑनलाइन टेबलावर तर वेळ हा सगळ्यात नाजूक विषय आहे. न्यूयॉर्कमधला शनिवारी रात्रीचा आठचा डाव उन्हाळ्यात मुंबईत रविवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो, हिवाळ्यात साडेसहाला, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपातली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्यामुळे मधल्या आठवड्यांत एकाच टेबलावरचे न्यू जर्सी, लंडन आणि पुणे यांच्या वेळांचा मेळ तुटतो. भारतातली घड्याळं वर्षभर तीच. म्हणून मिश्र टेबलावर कुणाच्या घड्याळाला प्रमाण मानायचं ते आवाहनातच लिहावं. न्यू जर्सीतला मराठी माणूस शनिवारी रात्री मुलं झोपल्यावर साडेनऊला बसतो तेव्हा उन्हाळ्यात पुण्यात रविवारचे सकाळचे सात वाजलेले असतात. दोन्ही टोकांना सोयीची अशी वेळ फार थोडी असते, आणि ही त्यातली एक.

ज्यांची वेळ कशीच जुळत नाही त्यांच्यासाठी लिहून खेळायचा प्रकार आहे. दिवसातून एकदा यावं, आपलं पात्र काय करतं ते लिहावं, जावं. एक लढाई महिनाभर चालते. भाषेची आवड असलेल्यांना हा प्रकार मोहून टाकतो, आणि लाजऱ्या माणसालाही तो सोपा जातो. त्याचं आवाहन वेगळं हवं: रोज किती लिहिणं अपेक्षित आहे, आणि कुणी दोन-तीन दिवस गप्प राहिला तर त्याचं पात्र कोण चालवणार, एवढं आधी सांगितलं की पुढचे बरेच रुसवे टळतात.

'खर्च नाही' हे शब्दही महत्त्वाचे. नवख्याला वाटतं की पुस्तकं, फासे, सॉफ्टवेअर हे सगळं विकत घ्यावं लागेल. प्रत्यक्षात रोल-ट्वेंटीवर फुकट खातं पुरतं, 'फाउंड्री'सारख्या सॉफ्टवेअरचा परवाना चालवणाऱ्याने एकदा घेतला की खेळाडूंना घ्यावा लागत नाही, आणि मूळ नियमांचा मोठा भाग खेळाच्या प्रकाशक कंपनीनेच मोफत खुला ठेवला आहे. पैसे घेऊन खेळ चालवणारेही आहेत, आणि २०२०पासून 'स्टार्टप्लेइंग' नावाची जागा त्याच कामासाठी आहे. मेहनतीचे पैसे घेण्यात मला काही गैर दिसत नाही. तो आकडा पहिल्या ओळीत हवा, तिसऱ्या बैठकीनंतर नको.

अर्ज आले की निवड कशावर करायची? किती वर्षं खेळता, हा प्रश्न बहुतेक जण आधी विचारतात, आणि त्याच्या उत्तरातून फार थोडं कळतं. दहा वर्षं खेळलेला माणूस दुसऱ्याला बोलू न देणारा असू शकतो. त्यापेक्षा मनात राहिलेला प्रसंग विचारावा. कुणी लिहितं की आम्ही चौघांनी मिळून दाराचं कोडं सोडवलं तो क्षण. कुणी लिहितं की माझ्या पात्राने एका फटक्यात राक्षस मारला तो. दोन्ही आवडी चांगल्याच आहेत, पण तुमच्या पडक्या किल्ल्यात कोण रमेल ते कळतं. कधीच न खेळलेला माणूस सिनेमातला प्रसंग लिहील, आणि त्यातूनही तेवढंच कळेल. निवडीआधीच पात्राचं तीन पानी चरित्र मागणं मात्र अन्यायाचं आहे. जागा मिळेल की नाही हे माहीत नसताना लोकांनी मन लावून लिहायचं, आणि आपण चौघांचं वाचून बाकीचं टाकून द्यायचं, असं कुणाशी करू नये.

ज्यांना घेता येणार नाही त्यांनाही दोन ओळी लिहाव्यात. या छंदात येऊ पाहणारे कित्येक जण उत्तरच न आल्यामुळे परत फिरतात. 'या वेळी जागा भरल्या, नाव राखीव यादीत ठेवू का?' एवढं पुरतं. आणि ती यादी खरंच कामाला येते.

निवडलेल्यांशी आधी पंधरा-वीस मिनिटं बोलून घ्यावं. परीक्षेचा सूर नको. माइक चालतो का, पाठीमागे किती गोंगाट आहे, समोरचा मधे मधे तोडतो की ऐकून घेतो, एवढं सहज कळतं. बोलणं दोन्ही बाजूंनी आहे, म्हणजे खेळाडूही डीएमला जोखत असतो, आणि त्याला प्रश्न विचारायला जागा ठेवावी. विशेषतः मुली आणि बायका अनोळखी टेबलावर येताना काय काय ताडून पाहत असतात, याचा विचार करणारा डीएम आपोआप चांगलं टेबल जमवतो. घरचा पत्ता, फोन नंबर, सोशल मीडियाची खाती यातलं काहीही मागायची गरज नाही. मोठ्यांच्या टेबलावर अल्पवयीन मुलांना घेऊ नये, आणि मुलांसाठी डाव असेल तर तो त्यांच्या पालकांना माहीत असावा.

त्यानंतर येते ती 'सेशन झिरो': खेळ नाही, फक्त ठरवाठरवी. पात्रं एकमेकांना कशी ओळखतात, न येणाऱ्याने किती आधी कळवायचं, किती जण जमले तर डाव होईल. आणि एक नाजूक गोष्ट: गोष्टीत काय नको. रॉन एडवर्ड्स या खेळकर्त्याने २००३मध्ये यासाठी दोन पातळ्या सुचवल्या. काही विषय टेबलावर येणारच नाहीत. काही येतील, पण त्यांचं वर्णन होणार नाही, पडद्याआड घडतील. जॉन स्टाव्ह्रोपोलॉस यांचं 'एक्स-कार्ड' याहून साधं आहे: प्रसंग सोसवेनासा झाला की कार्डावर बोट ठेवायचं, कारण न विचारता तो भाग गाळला जातो. ऑनलाइन टेबलावर चॅटमध्ये एक अक्षर टाकलं की झालं. चार भिंतींच्या खोलीत मित्राचा चेहरा पडलेला दिसतो. हेडफोनमध्ये तो दिसत नाही, म्हणून ही सोय इथे अधिकच हवी. लहान मुलावर आलेलं संकट एखाद्याला गोष्ट म्हणूनही ऐकवत नसेल, आणि त्याने त्याचं कारण अनोळखी लोकांना का सांगावं?

पहिली बैठक एकाच दिवसात संपणारी ठेवावी, ज्याला 'वन-शॉट' म्हणतात. नवख्याला तयार पात्र द्यावं. पात्र बनवायला बसवलं तर दोन तास पुस्तकात जातात आणि त्याला वाटतं की हा खेळ म्हणजे फॉर्म भरणं आहे. 'तुझ्यासमोर दोन दारं आहेत, एकाखालून पाणी येतंय, काय करतेस?' इथून सुरुवात करावी. नियम ज्या क्षणी लागेल त्या क्षणी सांगावा. तीन तासांत तो फासा टाकायला, पात्राच्या तोंडून बोलायला आणि दुसऱ्याला मदत करायला शिकतो, आणि शेवटी कुणालाही 'जमणार नाही' म्हणण्याची मोकळीक असते. नव्या लोकांच्या मनात 'क्रिटिकल रोल'चे आवाज असतात. ते कसलेले कलावंत आहेत आणि वर्षानुवर्षं एकत्र खेळले आहेत. आपल्याकडून तशी अपेक्षा नाही, हे नवख्याला आधीच सांगितलं की त्याचा जीव भांड्यात पडतो.

चार हवेत तर पाच घ्यावेत, आणि तीन जमले तरी डाव करावा. हा माझा ठाम आग्रह आहे. सगळे आले तरच खेळू, असं ठरवलेली टेबलं मी फार काळ टिकलेली पाहिली नाहीत.

ज्यांना दर आठवड्याचं बंधन झेपत नाही त्यांच्यासाठी बेन रॉबिन्स यांची 'वेस्ट मार्चेस' नावाची रीत आहे. २००७मध्ये त्यांनी ती लिहून प्रसिद्ध केली. खेळाडूंचा मोठा गट असतो, ठरलेली वेळ नसते, ठरलेली टोळीही नसते. कुठे जायचं आणि कुणी कुणी जायचं हे खेळाडूच आपसात ठरवतात आणि डीएमला कळवतात. प्रत्येक मोहीम एकाच गावातून निघते आणि बैठक संपायच्या आत तिथेच परत येते, त्यामुळे पुढच्या वेळी वेगळे लोक आले तरी बिघडत नाही. गंमत अशी की १९७४च्या मूळ पुस्तिकेतही एका कॅम्पेनमध्ये चार ते पन्नास खेळाडू असू शकतात असं लिहिलेलं आहे, आणि एका पंचामागे, म्हणजे खेळ चालवणाऱ्यामागे, सुमारे वीस खेळाडू असावेत असा सल्ला आहे. म्हणजे एकाच छोट्या टोळीने वर्षानुवर्षं एकत्र चालायचं ही रूढी नंतरची. नव्याने येणाऱ्यांना सामावून घ्यायला वेस्ट मार्चेसइतकी मोकळी दुसरी पद्धत मला माहीत नाही. चालवणाऱ्यावर मात्र तिचा भार बराच पडतो.

मराठीतून खेळू इच्छिणाऱ्यांसाठी एक बातमी अजून पुरेशी पोहोचलेली नाही. जानेवारी २०२३मध्ये परवान्याच्या अटी बदलण्यावरून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची प्रकाशक कंपनी आणि खेळाडू यांच्यात मोठा वाद झाला, आणि त्याच्या अखेरीस कंपनीने पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली कायमचा खुला केला. म्हणजे मूळ कर्त्याचा उल्लेख करून ते नियम कुणीही मराठीत आणू शकतो, छापू शकतो, विकूही शकतो. भिडू शोधताना याचा उपयोग आहे. इंग्रजी नियमपुस्तकाला बिचकणारी पण नाथमाधवांच्या 'वीरधवल'वर वाढलेली माणसं आपल्याकडे आहेत. एकांकिका स्पर्धांतून आलेली, उत्स्फूर्त संवादाची सवय असलेली मुलं आहेत. त्यांनी या खेळाचं नावही ऐकलेलं नसेल. त्यांना दोन पानांचे मराठी नियम आणि एक रविवार सकाळ देऊन पाहावी.

शेवटी, चालू कॅम्पेनमध्ये रिकामी झालेली जागा भरण्याविषयी, कारण ही वेळ प्रत्येक टेबलावर येते. कुणाची नोकरी बदलते, कुणाला मूल होतं. तेव्हा नवा भिडू आणण्याआधी उरलेल्यांना विचारावं आणि त्यांचं नाही म्हणणंही मानावं. आधीच्या सगळ्या बैठकांचा इतिहास नव्याला वाचायला देऊ नये. एका पानात, आत्ता टोळी कुठे आहे आणि तिच्या मागे कोण लागलं आहे, एवढंच सांगावं. उरलेलं जुन्या खेळाडूंनी त्याला पात्राच्या तोंडून सांगावं, त्यांनाही ते सांगायला आवडतं. त्याचं पात्र सरायच्या कोपऱ्यात बसवून ठेवण्यापेक्षा टोळीला हवी असलेली वस्तू किंवा बातमी त्याच्याकडे द्यावी, म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत सगळे त्याच्याशी बोलू लागतात. आणि त्या पहिल्या बैठकीतला एक तरी निर्णय त्याच्यावर सोपवावा: पूल तोडायचा की राखायचा, कैद्याला सोडायचं की नाही. त्याने काय ठरवलं याचा परिणाम पुढच्या आठवड्यात दिसेल अशी तजवीज डीएमने करून ठेवावी.